अंग दिलं त्यानं

चौथी-पाचवीत असताना आमच्या गल्लीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीच्या, पत्त्यांची साथ आली होती. पैलवानाचा रंगीत फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, रँक असे रकाने. आपण एक रकाना बोलायचा, समोरच्यानं आपल्या पत्त्यावरचा आकडा वाचायचा, मोठ्या आकड्यानं लहान आकड्याचा पत्ता न्यायचा. रँकचं तेवढं उलटं, तिथं लहान आकडा भारी. माझ्या कॅटमध्ये जायंट गोन्झालेझ होता. उंची आठ फूट. तो वर आला की डोकं चालवायचं कामच नव्हतं, 'उंची' म्हणायचं आणि पत्ता ओढायचा. पण डाव समोरच्याचा असला आणि त्यानं 'रँक' म्हटलं की हा आठ फुटी गडी गपगुमान त्याच्या हातात जायचा. एका रकान्यापुरता राजा. आम्ही त्याला 'बिनकामाचा लांबड्या' म्हणायचो, आणि तरीही तो आपल्याकडेच यावा म्हणून भांडायचो.

त्या फोटोतला त्याचा पोशाख मला अजून आठवतो. अंगाला चिकटलेलं कापड, त्यावर रंगानं काढलेले स्नायू आणि मधेमधे चिकटवलेले केस. खरं शरीर पुरेसं भीतीदायक दिसत नाही असं कुणाला तरी वाटलं असणार. आणि ते आठ फूटही खरे नव्हते. माणूस साडेसात फुटांच्या वर होता, म्हणजे ज्या जगात आपण सगळे राहतो त्या जगातल्या कुठल्याही चौकटीतून त्याला वाकूनच जावं लागत होतं. तरी तेवढ्यावर भागलं नाही, वर जवळपास अर्धा फूट जोडावा लागला. या धंद्याची ही मला सगळ्यात गमतीची आणि सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. निसर्गानं अतिरेक केलेल्या माणसालासुद्धा इथं फुगवून सांगतात.

खऱ्या आयुष्यात तो होर्हे गोन्झालेझ. अर्जेंटिनाच्या उत्तरेतल्या फोर्मोसा प्रांतातल्या एल कोलोराडो गावचा, जन्म 1966 चा. बास्केटबॉल खेळायचा. 1988 साली अमेरिकेतल्या अटलांटा हॉक्स संघानं त्याची निवड केली, पण त्या वेगाचा खेळ त्याच्या शरीराला झेपेना. संघाचे मालक होते टेड टर्नर, आणि त्यांच्याचकडे कुस्तीची एक कंपनीही होती. मग पोरगा या खात्यातून त्या खात्यात गेला, बदली व्हावी तसा. पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आल्यावर 1993 च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासमध्ये तो अंडरटेकर नावाच्या पैलवानासमोर उभा राहिला, आणि तीच त्याची सगळ्यात मोठी लढत. ती बघवत नाही. पाय उचलताना त्याला विचार करावा लागतोय हे पडद्यावरही कळतं. पुढे दोन-तीन वर्षांत तो गावी परतला, मधुमेह बळावला, शेवटी चाकाच्या खुर्चीत होता. 2010 साली गेला तेव्हा वय 44.

हे मला कळलं तेव्हा माझं वय त्याच्या आसपासच होतं. त्या दिवशी माळ्यावरचे पत्ते शोधले. सापडले नाहीत.

आता थोडं घरचं. आमचं घर सांगली जिल्ह्यातलं, आणि घरात तालीम. आजोबा, थोरले चुलते, त्यांचे मित्र, सगळे लाल मातीतले. थोरल्या चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणतो. केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लागलं की अण्णा सोप्यातून जाताना एकच शब्द टाकायचे, "नुरा." नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. आमच्याकडे ती शिवी आहे. मैदानात दोन पैलवान नुसते अंगाला अंग लावून फिरायला लागले की लोक उठून ओरडतात, "नुरा हाय, उठवा त्यांना!" त्यामुळे संपूर्ण देशाला ठाऊक असलेली नुरा, तिची तिकिटं, तिचे पट्टे, तिचे विजेते, हे अण्णांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. पण जाता जाता ते दाराशी थांबायचे, हेही मी पाहिलंय.

निकाल ठरलेला असतो हे खरं, पण पडणं ठरवून हलकं करता येत नाही. आमच्या हौद्यातली माती आठवा. ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून फावड्यानं उकरलेली, पाऊल रुतेल अशी. तिकडच्या रिंगणात लोखंडी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर, वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचं, त्याला ते लोक 'बंप घेणं' म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ एकदम सपाट टेकवायची, दोन्ही हात आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता वाटला जातो. शंभर किलोचा गडी रात्रीतून असा दहा-पंधरा वेळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा पडतो. दोनशे किलोच्या माणसाचं गणित वेगळं. त्याचे गुडघे आणि कंबर आधीच नुसत्या उभं राहण्यानं थकलेली असतात.

म्हणून राक्षसानं पडायचं नसतं. अंगाच्या काळजीपोटी नव्हे, तिकिटांच्या काळजीपोटी. जो पडतो त्याला पाहायला कोण येणार? आंद्रे रुसिमॉफ, म्हणजे पैलवान 'आंद्रे द जायंट', फ्रान्समधल्या मोलियँ नावाच्या खेड्यात वाढला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले, शेतीत राबणारे. तरुणपणीच्या त्याच्या चित्रफिती पाहिल्या की विश्वास बसत नाही. सव्वादोन मीटरचा म्हणून सांगितला जाणारा तो माणूस हवेत उडी घेऊन दोन्ही पायांनी लाथ मारतो. 1973 मध्ये न्यूयॉर्कला मोठ्या कंपनीत गेला तेव्हा तिचे मालक थोरले मॅकमहन यांनी त्याला सांगितलं की हे सगळं बंद. तू उडायचं नाहीस, तू हलायचंही नाहीस. समोरच्यांनी तुझ्यावर येऊन आपटायचं. सल्ला धंद्याच्या दृष्टीनं अचूक होता. पण एका चपळ पोराला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सांगितलं गेलं की आजपासून तू भिंत.

दुसरी अट याहून कठीण. एका गावात फार दिवस राहायचं नाही. अतिपरिचयादवज्ञा हे थोरल्या मॅकमहनना कुणी संस्कृतात सांगितलं नसेल, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. राक्षस रोज दिसला की तो नुसता उंच माणूस होतो. म्हणून आंद्रेला या प्रांतातून त्या प्रांतात, तिथून जपानला, तिथून परत, असं वर्षाचे बहुतेक दिवस फिरवलं गेलं. विमानाच्या संडासात तो मावत नसे. मग पडदा धरायचा आणि बादली. फोनच्या तबकडीच्या भोकात बोट जात नसे, तर पेन्सिलीनं फिरवायचं. आणि या सगळ्यात एक क्षणही असा नाही की लोक बघत नाहीयेत. खलनायकाचं काम करणारा साधा पैलवान टोपी घालून विमानतळावरून सटकू शकतो. आंद्रेनं काय घालायचं? नॉर्थ कॅरोलायनातल्या एलर्बी या छोट्या गावात त्यानं शेतवाडी घेतली, आणि तिथं त्याला बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी की गावकरी त्याच्याकडे टक लावून बघत नसत. मेल्यावर त्याची राख तिथंच विखुरली.

अण्णांची अंगठी कापली त्या दिवशी मी सोनाराच्या दुकानात होतो. 2009 सालची गोष्ट, त्यांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे. लग्नातली अंगठी बोटात रुतली होती, आजूबाजूचं मांस वर आलेलं. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेवटी सोनारानं अंगठीखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवतीनं घासायला सुरुवात केली. अण्णा दुसरीकडे बघत होते. सोनार म्हणाला, "पैलवान, हात अजून भरतोय की तुमचा." सगळे हसले, अण्णाही. आमच्या घरात अंग भरणं ही कौतुकाची गोष्ट. खुराक लागू पडतोय असा त्याचा अर्थ. चपलेचा नंबर नवाचा अकरा झाला होता, हनुवटी पुढे आली होती, दातांत फटी पडल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता. आम्ही रोज बघत होतो म्हणून कुणाला दिसलं नाही. सांधे दुखतात म्हणून एका डॉक्टरांकडे, साखर वाढली म्हणून दुसऱ्यांकडे, अशी वर्षं गेली. शेवटी दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं आणि त्यांनी मोटरसायकल एका बैलगाडीच्या चाकाला घासली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला लावला.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली आणि वाढीचं संप्रेरक बेसुमार वाहू लागलं, की शरीराला थांब म्हणून सांगणारं कुणी उरत नाही. हाडांची टोकं जुळायच्या आधी, म्हणजे लहान वयात, हे झालं तर माणूस उंच उंच होत जातो. टोकं जुळल्यावर झालं तर उंची वाढत नाही, हात, पाय, जबडा, जीभ वाढतात. आणि दोन्हींत काळीज वाढतं. आपण 'मोठ्या काळजाचा' असं कौतुकानं म्हणतो ना, तसं नव्हे. खरोखरच जाड आणि थकलेलं.

अण्णांचं ऑपरेशन नाकातून झालं, पुण्यात. नाकातून मेंदूची गाठ काढतात हे गावात सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढायचे. बोटांची सूज काही महिन्यांत उतरली. जबडा तसाच राहिला, हाड काही मागे जात नाही. पण अण्णा आज आहेत, आणि पहाटे तालमीत जाऊन पोरांना शिव्या देतात.

आंद्रेला हाच आजार होता, दोन्ही वयांतला. पोटासाठी करायचं काम आणि आजार ही एकच गोष्ट असेल तर माणूस उपचार कशावर घेणार? पॉल वाइट, म्हणजे आमच्या पोरांचा 'बिग शो', याच्या ग्रंथीवर 1991 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. उंची मिळायची तेवढी मिळाली होती, वाढ थांबली. 1995 मध्ये त्याला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं ते आंद्रेचा मुलगा म्हणून. नातं रक्ताचं नव्हतं, पण एकाच रोगाचं होतं, हे त्या पटकथा लिहिणाऱ्यांच्या कितपत लक्षात आलं असेल कोण जाणे. जपानचा जायंट बाबा आधी बेसबॉलचा गोलंदाज. त्याच्याही डोक्याचं ऑपरेशन विशीच्या उंबरठ्यावरच झालेलं. त्यानं पुढे 1972 साली स्वतःची कंपनी काढली आणि साठी ओलांडली. आंद्रेनं ऑपरेशनचा रस्ता धरला नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत हे दोघे, आंद्रे आणि बाबा, जपानमध्ये जोडी करून लढत. त्या लढतींत कुणी घाई करत नाही. आंद्रे एका हातानं दोर धरून उभा असतो, जसा एखादा म्हातारा एसटीत दांडा धरून उभा राहतो.

आपल्याकडचा राक्षस म्हणजे खली. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या धिराइना गावचा दलीपसिंग राणा. शिमल्यात सुरक्षारक्षकाची नोकरी, तिथं पंजाब पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याच्या नजरेला पडला, 1993 मध्ये पोलिसात भरती, मग शरीरसौष्ठव, मग अमेरिका. 2006 च्या एप्रिलमध्ये तो त्या मोठ्या कंपनीच्या रिंगणात पहिल्यांदा आला आणि अंडरटेकरला लोळवून गेला, तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. एका खोलीत सहाजण, एक टीव्ही. काय आरडाओरडा झाला होता! पुढच्या वर्षी जुलैमध्ये वीसजणांच्या झुंडीतून तो विजेता ठरला तेव्हा मालकीणबाई वर आल्या होत्या.

आणि मग तेच झालं जे राक्षसाचं नेहमी होतं. सप्टेंबरात विजेतेपदाचा पट्टा गेला. वर्षभरात तो नाचत होता, प्रेक्षकांतल्या बायकांच्या पाप्या घेण्याचा कार्यक्रम करत होता. आधी भीती, मग हसू, तिसरी पायरी नसते. राक्षसाला हरवून झालं की त्याचं करायचं काय, हा प्रश्न लिहिणाऱ्यांना सुटत नाही, म्हणून ते त्याला विदूषक करतात. आम्हीही हसलो. त्याच्या चालण्याच्या नकला केल्या. गुडघे कामातून गेलेले आहेत आणि डोक्यात गाठ वाढते आहे, हे कुणाच्या मनात आलं? 2012 साली अमेरिकेत पिट्सबर्गला त्याच्या पिट्यूटरीवरची गाठ काढली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली होती. ते एवढंच म्हणाले, "नाकातनंच काढली का?"

अजून एक गोष्ट राहतेच, ती सांगितली पाहिजे. 2001 साली कॅलिफोर्नियात, खली शिकत होता त्या शाळेत, त्याच्याबरोबरच्या सरावात एक तरुण शिकाऊ पडला आणि दगावला. पुढे न्यायालयानं शाळेला जबाबदार धरलं. या कामात सगळ्यात अवघड काय असेल तर हे. पडद्यावर क्रूर दिसायचं आणि हात लोण्याचे ठेवायचे. आपलं वजन समोरच्यावर पडू द्यायचं नाही, आणि पडलं असं मात्र दाखवायचं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. दुपारी अण्णा सोप्यात पलंगावर पडले होते. मी मोबाइल घेऊन शेजारी बसलो आणि म्हटलं, "अण्णा, एक नुरा बघणार का?" 29 मार्च 1987, अमेरिकेतलं पाँटिअॅक सिल्व्हरडोम स्टेडियम, त्या वेळचा विजेता हल्क होगनविरुद्ध आंद्रे. कंपनीनं 93,173 प्रेक्षक सांगितले, तो आकडाही गोन्झालेझच्या उंचीसारखाच, थोडा फुगवलेला असावा. पण छतापर्यंत माणसंच माणसं आहेत हे दिसतं. आदल्या वर्षी आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका चित्रपटात नायिकेनं त्याच्या हातांत पडायचा प्रसंग होता, तर तिला तारांनी वर धरून ठेवावं लागलं, कारण त्या मुलीचं वजनही त्याच्या पाठीला पेलत नव्हतं. जगातला सगळ्यात ताकदवान म्हणून ज्याच्या नावानं तिकीट विकलं जात होतं, तो माणूस.

अण्णा चष्मा लावून बघायला लागले. पंधरा वर्षं तो हरलेला नाही, त्याला कुणी उचललेलं नाही, असं तेव्हा लोकांना सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. खुद्द होगननंच त्याला 1980 साली न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमवर उचलून आपटलं होतं. हे मी अण्णांना सांगत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं.

"ह्येच्या कमरंला पट्टा हाय," ते म्हणाले.

मी थांबलो. काळ्या पोशाखाच्या आत खरोखरच पाठीला आधार देणारा पट्टा होता, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी नुसत्या वळण्यावरून ओळखलं.

मग तो क्षण आला. होगन खाली वाकतो, एक हात मांडीत, एक खांद्यावर, आणि आंद्रे वर जातो. अण्णा म्हणाले, "परत लाव." मी मागे घेतलं. "हळू हुतंय का?" मी हळू केलं. आता आंद्रेचा हात होगनच्या मांडीवर टेकलेला दिसत होता, आणि टाच जमिनीवरून जराशी आधी सुटलेली.

"अंग दिलं त्यानं," अण्णा म्हणाले.

अंग देणं, अंग चोरणं हे आमच्या तालमीतले शब्द. अंग चोरलेला माणूस पोत्यासारखा जड होतो, त्याला चार माणसं हलवू शकत नाहीत. अंग दिलेला माणूस फुलासारखा उचलता येतो. "चोरलं असतं तर हललाबी नसता. ह्ये सोन्याच्या केसाचं गडी जन्मभर तितंच वाकून ऱ्हायलं असतं." होगननं पुढे कितीदा तरी सांगितलं की आंद्रे त्या रात्री उचलू देईल की नाही याची त्याला शेवटपर्यंत खात्री नव्हती. अण्णांना ते सांगायची गरज नव्हती. पाठीचं ऑपरेशन झालेला माणूस, हजारो लोकांसमोर, स्वतःहून टाच उचलतो आणि फळ्यांवर पाठ देतो. घटोत्कचाची गोष्ट आमच्या आजीनं सांगितली होती, मरताना अंग वाढवून कौरवांच्या सैन्यावर पडला ती. सगळं युद्ध एकीकडे आणि त्याचं पडणं एकीकडे. तो तरी शत्रूवर पडला होता. हा पडला तो होगनसाठी, पुढची कित्येक वर्षं त्याचं दुकान चालावं म्हणून.

आंद्रे पुढे सहा वर्षंही जगला नाही. वडिलांच्या अंत्यविधीसाठी फ्रान्सला गेलेला, 1993 च्या जानेवारीत पॅरिसच्या हॉटेलात झोपेत गेला. काळीज थकलं होतं. वय 46. हे मी अण्णांना सांगितलं नाही, अजून चित्रफीत चालू होती.

होगन नाचत होता, दंड दाखवत होता, कानाला हात लावून गर्दी ऐकत होता. कॅमेरा सारखा त्याच्याकडेच. मधेच एकदा आंद्रे दिसला. रिंगणाच्या आकाराची एक छोटी गाडी केली होती पैलवानांना आत-बाहेर न्यायला, तिच्यावर तो आपल्या मॅनेजरबरोबर उभा होता, दोराला धरून. लोक त्याच्यावर कागद आणि कचरा फेकत होते. गाडी हळूहळू अंधाराकडे चालली होती.

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"गाडी ठेवली त्ये बरं केलं," ते म्हणाले. "एवढं लांब चालायला लावलं न्हाई."